नाव विचारायला आलेला माणूस

आरोही मॅडमनी कागदांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता एवढंच राहिलं. हे भरून दिलं की तुम्ही आमचे."

किशोर थविल हसला. दीड महिना तो या सॉफ्टवेअर कंपनीच्या काचेच्या इमारतीत खेटे घालत होता. पहिल्यांदा दोनशे पोरांच्या गर्दीत लेखी परीक्षा झाली. तीस जण उरले. मग तीन साहेबांनी त्याला पांढऱ्या फळ्यापुढं उभं करून प्रोग्राम लिहायला लावला आणि लिहून होईतो तिघांतलं कुणी एक शब्द बोललं नाही. मग आणखी एकदा नुसत्या गप्पा झाल्या. तुमच्यात काय वाईट आहे ते सांगा, असं एकानं विचारलं.  किशोर म्हणाला, "सर, मी घाईघाईत जेवतो." साहेब हसले. आश्रमशाळेत नऊ वर्षं काढलेल्या पोरानं हळूहळू जेवायचं कसं, हे त्यांना कुठून माहीत असणार. पण हसले म्हणजे काम झालं असावं, कारण आठवड्यानं फोन आला की चार जूनला, सोमवारी, कामावर यायचं.

त्याला ही नोकरी हवीच होती. शरणपूर रोडवरच्या दोन खोल्यांत तो द्राक्षवाल्यांसाठी बिलांचे प्रोग्राम करायचा; त्याचा मालक मे महिन्याच्या शेवटी सगळं आवरून पुण्याला जाणार होता. शिवाय पेठच्या डोंगरातल्या त्याच्या पाड्यावरून इंजिनियर झालेला तो पहिलाच. त्याच्यामागं आणखी दोन पोरं कॉलेजात गेली होती, ती त्याच्याकडे बघून. त्याचं बस्तान बसलं नाही तर त्यांच्या घरचे त्यांना परत बोलावून द्राक्षबागेत धाडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो फॉर्म भरायला बसला. सध्याचा पत्ता, सातपूर कॉलनीतली खोली. कायमचा पत्ता या रकान्यापाशी त्याचा हात जरा थांबला. तिथंही सातपूर लिहिलं असतं तर चाललं असतं. पण त्यानं ठळक अक्षरात लिहिलं, मुक्काम तिवसपाडा, तालुका पेठ. लिहिताना त्याला बरं वाटलं.

चौथ्या पानावर प्रश्न होता. तुमच्याविरुद्ध कोणताही खटला, वॉरंट किंवा पोलीस तक्रार आहे का? त्यानं 'नाही'वर खूण केली. विचार करायचं काही कारणच नव्हतं. खाली सही केली.

"पत्ता बघायला एजन्सीचा माणूस तुमच्या गावी जाईल," मॅडम म्हणाल्या. "शेजाऱ्यांना विचारील, फोटो काढील. घाबरू नका, सगळ्यांचंच करतो आम्ही."

"आणि त्यात काही निघालं तर?"

"तुमचं काय निघणार?" मॅडम कागदांना पिना मारत होत्या. "मागच्या वर्षी एकाचं निघालं. सर्टिफिकेट खोटं होतं. त्याचं नाव काळ्या यादीत गेलं. ती यादी काय आम्ही एकटेच बघत नाही, बाकीच्या कंपन्याही बघतात. कुठंच लागला नाही बिचारा." शेवटची पीन नीट बसली नाही म्हणून त्यांनी ती उपसून पुन्हा मारली.

नवव्या दिवशी दुपारी किशोरचा मोबाईल वाजला. नंबर तिवसपाड्याच्या एकुलत्या एका फोनचा होता, धोंडीरामच्या किराणा दुकानातल्या. पलीकडे आई होती, भागीबाई. फोनवर बोलायचं म्हणजे डोंगरापलीकडच्या माणसाला हाक घालायची असं ती समजायची.

"किशा! मी आये बोलते!"

"हळू बोल, ऐकू येतंय. काय झालं?"

"तुझ्या नावानं मानूस आला होता."

"कसला माणूस?"

"काय ठावं कसला. फटफटीवर आला. पाठीला पिशवी न् हातात कागद. धोंडीरामाला विचारलं, किशोर हिरामण थविल कुठं राहतो. धोंडीराम बोलला, असा कोनी नाय. मंग हिरीवर गेला. बाया बोलल्या, नाय ऐकलं ह्ये नाव. तुझा भिकामामा तर बोलला, थविल आडनावच नाय या पाड्यात!" आई खुदकन हसली. "मंग आपल्याच दारात आला रं. मी करवंदं निवडत व्हते. मला विचारलं. मी कानाला हात लावला न् बोलले, भैरी हाय बाबा."

किशोर उठून उभा राहिला.

"आये, अगं तो कंपनीचा माणूस होता! नोकरीचा!"

"आसंल. कागद व्हता ना हातात?" आई म्हणाली. "तू घाबरू नको. आम्ही हाय. फकस्त इकडं येऊ नको एवढ्यात."

इकडं येऊ नको असं आई का म्हणाली, हे त्याच्या तेव्हा ध्यानातच आलं नाही. घाबरू नको असं सांगणारी ती त्या पंधरवड्यातली दुसरी बाई, एवढंच त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्याला बोलावून घेतलं आणि अहवाल वाचून दाखवला. दुकानदार, ओळखत नाही. विहिरीवरील महिला, ओळखत नाहीत. शेजारी गृहस्थ, असे आडनाव गावात नाही. घरातील वृद्ध महिला, बहिरी. शेवटी शेरा होता, सदर व्यक्ती सदर पत्त्यावर राहत नाही.

"हे काय आहे, किशोर?"

"मॅडम, ती बहिरी बाई माझी आई आहे."

मॅडमना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. "मग तिनं असं का सांगितलं?"

त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते इथं सांगण्यासारखं नव्हतं. हातात कागद घेऊन कुणी नाव विचारत आला की गावात तसं माणूसच नाही म्हणायचं, हे तिवसपाड्याचं पोर चालायला लागतं तेव्हाच शिकतं. ठेकेदाराचा माणूस असो, जंगलखात्याचा असो, नाहीतर मतदारयादी घेऊन आलेला मास्तर असो. मास्तर बिचारा तीन वर्षं निम्म्या गावाला मयत समजत होता. किशोरलाही हे सगळं गमतीचं वाटायचं. त्यामागं काय आहे हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"मी पुन्हा माणूस पाठवते," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी. पण एकदा पत्ता सापडला नाही की पुढची पद्धत वेगळी असते. माणूस आधी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नाव विचारतो, मग गावात जातो. तुम्ही स्वतः तिथं हजर राहा. आणि गावाला समजावून सांगा. तिसरी संधी नसते."

रविवारी तो पेठच्या एस.टी.त बसला. सावळघाट चढून, पेठला उतरून, जीपच्या टपाला लोंबकळत आणि शेवटचे दोन कोस पायी, असा तो ऊन कलायच्या वेळेला पाड्यावर पोचला. वैशाख सरत आला होता. सगळ्या उतारांवर लोकांनी रोपांच्या वाफ्यांसाठी राब पेटवले होते. पालापाचोळा जळून जमीन काळी पडली होती आणि धूर वर न जाता खोऱ्यातच साचून राहिला होता.

तो दिसताच विहिरीवरच्या बाया बोलायच्या थांबल्या. एरवी त्या 'आला गं कंपूटर' म्हणून चिडवायच्या.

धोंडीरामच्या दुकानाच्या ओट्यावर सातआठ जण बसले होते. किशोरनं उभ्या उभ्याच सगळं समजावून सांगितलं. उद्या तोच माणूस पुन्हा येईल. तो वैरी नाही. त्यानं विचारलं की होय म्हणायचं, किशोर इथलाच, हिरामणचा पोरगा, चांगला आहे. बस, एवढंच.

 आईचा भाऊ भिकामामा तंबाखू मळत होता. शेवटी तो म्हणाला, "नोकरी त्यांला द्यायची हाय ना?"

"हो."

"मंग तुला बघितलं त्यांनी. परीक्षा घेतली. आता गावाला काय विचारायचं? पोरगी बघायला आलंय का कोन?"

ओट्यावर हशा पिकला, पण लगेच विरला.

"मामा, त्यांची पद्धत आहे तशी."

"आमची बी पद्धत हाय," भिकामामा म्हणाला. त्यानं तंबाखू दाढेखाली धरली आणि किशोरच्या बापाकडे बघितलं. मग सगळेच हिरामणकडे बघायला लागले. हिरामण ओट्याच्या टोकाला गुडघे छातीशी घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"हिरामणा," भिकामामा हळू आवाजात म्हणाला, "आता सांग पोराला. नायतर मी सांगतो."

हिरामण उठला आणि चालायला लागला. किशोर त्याच्यामागं गेला. बाप त्याला वरच्या प्लॉटवर घेऊन आला, जंगलाच्या कडेच्या, जिथं ते नाचणी लावायचे. राब अजून धुमसत होता. हिरामण काठीनं राख सारखी करायला लागला, आणि राखेकडे बघतच बोलला.

"तू सहावीला व्हतास. आश्रमशाळेत. जंगलखात्याचे लोक आले. म्हंगाले, ही जमीन आमची, तुम्ही चोरून कसता, केस करायची. घरटी एक नाव सांगा."

"मग?"

"पाड्याचा कारभारी सहादूकाका जित्ता व्हता तेव्हा. त्यो बोलला, मोठ्या मानसाचं नाव दिलं तर त्याला धरून नेतील, घर उपाशी मरंल. ल्हान्या पोरांची नावं द्या. पोराला कोन धरनार? म्हनून सात घरांनी सात पोरांची नावं दिली."

किशोरला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"माझं दिलं?"

"तुझं दिलं. जयरामचं. चंद्रभागाच्या सविताचं बी दिलं, तिला तर पोरगा नव्हता. लिवनारानं कोनाला बघितलं नाय. समद्यांचं वय पस्तीस लिवलं."

"बा, सवितापण पस्तीसची?"

"सविताबी." बापाच्या तोंडावर क्षणभर हसू आल्यासारखं झालं. "मंग तारखा पडल्या. पोरांना कोन कोर्टात नेनार? कोनी गेलं नाय. मंग वॉरंट निघालं. दोन येळा पोलीस आला. गाव बोललं, आशी मानसंच नायत. मंग यायचा बंद झाला. आम्ही समजलो, कागद कुजला."

"मला का नाही सांगितलं?"

"शिकत व्हतास. कशाला भ्या घालायचं?" हिरामणनं काठी खाली टाकली. "अकरा वर्सं झाकून ठिवलं रं तुझं नाव. समद्या गावानं. तू आता म्हनतोस, उघडं करा."

किशोर तिथंच खाली बसला. चौथ्या पानावरची ती खूण त्याला दिसत होती, आणि खाली स्वतःची वळणदार सही. खोटी माहिती. त्याहून वाईट गोष्ट त्याला जरा वेळानं आठवली. माणूस आधी पोलीस ठाण्यात नाव विचारतो, मग गावात जातो.

त्यानं खिशातून मोबाईल काढला. पाड्यावर रेंज नव्हती, हे ठाऊक असूनही तो हात उंच करून प्लॉटभर फिरला. मग धोंडीरामच्या फोनवरून मॅडमना लावायला गेला. रविवार होता. कंपनीतला फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

सोमवारी सकाळी दूध काढून झाल्यावर भागीबाईनं फडक्यात भाकरी बांधली आणि लेकाच्या हातात दिली. "वरती जा. जयराम गेला पहाटंच. दोन दिवस तिकडंच राहा. मी सांगते, मी भैरी हाय."

"आये, मी गेलो तर नोकरी गेली."

"ऱ्हायलास तर?"

 एजन्सीचा माणूस एकटा आला तर 'मीच' म्हणायचं. पोलीस आला तर गप्प राहायचं. एवढंच त्यानं ठरवलं होतं. लांबून ओळखता येईल, एकाकडे कॅमेरा असतो आणि दुसऱ्याकडे टोपी. तो दारातच बसून राहिला. शेजारी बाप बसला. मधे कुणीतरी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

दहाच्या सुमाराला खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. चढणीला गाडी अडखळत होती, गिअर बदलत होती. एकट्या माणसाची गाडी एवढी दमत नाही, हे किशोरच्या आधी हिरामणच्या लक्षात आलं. तो उठून उभा राहिला.

गाडीवर दोघं होते. पुढं हेल्मेट घातलेला, पाठीला पिशवी अडकवलेला पोरगा, आणि मागं, एका हातानं टोपी मांडीवर दाबून धरलेला, खाकी कपड्यातला हवालदार.

विहिरीवरच्या बाया घागरी तशाच सोडून घरात गेल्या. धोंडीरामनं दुकानाची एक फळी लावून घेतली.

पोरानं गाडी किशोरच्या दारापुढं लावली, हेल्मेट काढलं आणि घाम पुसला. पंचविशीचा होता. "नमस्कार. मी शेखर. एकलहऱ्याचा आहे, एजन्सीचं काम करतो," तो म्हणाला. "किशोर हिरामण थविल इथंच राहतात का?"

भागीबाई दारामागं सरकली.

"विचार, विचार," हवालदार गाडीवरून उतरता उतरता म्हणाला. त्याची कंबर आखडली होती. "मलाबी तेच नाव पाहिजे." मग त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, अगदी मोकळेपणानं, प्रवासाला निघालेला माणूस बोलतो तसं. "हा ठाण्यात आला नाव विचारायला. कारकुनानं जुनं रजिस्टर काढलं. त्याला इतक्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या. आणखी दोनचार पावसाळे गेले असते ना, तर काही उरलं नसतं. पण नाव निघालं. म्हटलं, हा तिकडंच चाललाय, गाडी आहे, आपणही जाऊ. नाहीतर या डोंगरात कोण येतंय?"

शेखर ओशाळून किशोरकडे बघत होता. दारात बसलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला हा माणूस कोण ते त्यानं केव्हाच ओळखलं होतं. पिशवीतल्या फॉर्मवर त्याचा फोटो होता.

दारामागून भागीबाईचा आवाज आला, "हितं कोनी नाय. मला ऐकू येत नाय."

किशोरनं डोळे मिटले. नाही म्हटलं तर नाव यादीत, सगळ्या कंपन्यांच्या. हो म्हटलं तर निदान पत्ता तरी खरा ठरेल, बाकीचं समजावून सांगता येईल, मॅडम चांगल्या आहेत. हे त्यानं स्वतःला सांगितलं आणि त्यातलं निम्मंच त्याला पटलं.

"मीच किशोर थविल," तो म्हणाला.

आत काहीतरी पडलं. भांडं असावं.

शेखरनं त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून फोटो काढला. मग फॉर्म काढला आणि एकेक रकाना भरायला लागला. किती वर्षांपासून राहता, घर स्वतःचं का, घरात माणसं किती. सगळं किशोरनं नीट सांगितलं. हवालदार शेजारच्या बाजेवर बसून निवलेला चहा पीत होता. शेवटच्या रकान्यापाशी शेखरचं पेन थांबलं. त्यानं एकदा हवालदाराकडे आणि एकदा किशोरकडे बघितलं.

"दादा, इथं मी काय लिहू?"

"काय आहे तिथं?"

"पोलीस केस आहे का, असं आहे."

हवालदाराला ठसका लागला. "अरे, मी काय इथं करवंदं खायला आलोय का?"

"लिही," किशोर म्हणाला. "पण त्याखाली एवढंही लिही की तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सहावीत होतो."

"दादा, तेवढी जागा नाही. होय किंवा नाही, एवढंच आहे."

हवालदारानं खिशातून घडी घातलेला कागद काढून वाचला. "वय पस्तीस. अकरा वर्षांपूर्वी. म्हणजे आज तू शेहेचाळीस." त्यानं किशोरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तब्येत राखलीस चांगली. कोर्टात सांग जे काय ते. चल."

तेव्हा हिरामण पुढं झाला. अंगात बंडी, हात जोडलेले. "सायेब, नाव मी दिलं. गुन्हा माझा. मला न्या."

"तुझं नाव काय?"

"हिरामण भाऊ थविल."

हवालदारानं कागदावरून बोट फिरवलं, मनापासून फिरवलं, वरून खाली आणि पुन्हा वर. "नाही बाबा," तो म्हणाला. "तुझं नाव नाही यात."

एकाच गाडीवर तिघं निघाले, शेखर पुढं, हवालदार मागं आणि मधे किशोर. वळणावर त्यानं मागं बघितलं. पाड्यात एक माणूस दिसत नव्हतं. धूर तेवढा होता. हवालदार त्याच्या कानाशी म्हणाला, "बाकीचे सहा पुढच्या खेपेला. रस्ता कळला आता."

ठाण्यातले साहेब वाईट नव्हते. त्यांनी वॉरंट बघितलं, किशोरची डिग्री विचारली, कपाळाला हात लावला. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. कोर्ट उघडेपर्यंत कोठडीत घालत नाही, पण रोज सकाळी इथं येऊन सही करायची, तालुका सोडायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. कुठल्यातरी बंदोबस्ताला जायचं होतं म्हणून ते लगेच निघून गेले.

तालुक्याला रेंज होती. किशोरनं पटांगणातल्या लिंबाखाली उभं राहून आरोही मॅडमना फोन लावला. शेखरचा अहवाल अजून पोचायचा होता, पण शेखरनं फोनवर कळवलं होतं.

"पत्ता बरोबर आला," मॅडम म्हणाल्या.  "किशोर, तुम्ही 'नाही'वर खूण केलीत."

त्यानं सगळं सांगितलं. आश्रमशाळा, सात पोरं, पस्तीस वर्षं. मॅडमनी मधे तोंड घातलं नाही. त्याला वाटलं, त्या ऐकतायत.

"मला खरं वाटतंय तुमचं," त्या म्हणाल्या. "पण वरचे लोक गोष्ट वाचत नाहीत. त्यांना फॉर्मवर 'नाही' दिसतं आणि अहवालात 'होय' दिसतं. एवढं झालं की नाव आपोआप यादीत जातं. मी पाठवत नाही, सिस्टीम पाठवते."

"आणि कोर्टानं मला सोडलं तर? काढता येईल?"

"काढायची सोयच ठेवलेली नाही त्यात." मॅडमचा आवाज उतरला होता. "तुम्हाला तर माहीत असेल. तुमच्याच लोकांनी केलेलं असतं ते."

त्याला माहीत होतं. शरणपूर रोडच्या त्या दोन खोल्यांत त्यानं स्वतः असाच एक प्रोग्राम लिहिला होता, माल न उचलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नावांचा. त्यात नाव घालायचं बटण होतं. पुसायचं बटण मालकानं मागितलं नव्हतं आणि यानं केलं नव्हतं.

तो फोन खिशात टाकून आत आला तेव्हा हवालदार त्याची वाटच बघत होता. कोपऱ्यात प्लास्टिकच्या आवरणाखाली एक नवा कॉम्प्युटर होता. त्याच्यावर हळदकुंकू वाहिलेलं दिसत होतं.

"तू कंपूटरवाला ना? बरं झालं. तीन महिने झाले येऊन, कुणाला धड चालवता येत नाही. साहेब म्हणून गेलेत, त्याला बसवा." हवालदारानं आवरण काढलं आणि शेजारी जाडजूड रजिस्टर आदळलं. कागदाचा भुगा उडाला. "जुनी वॉरंटं सगळी यात भरायचीत. एकदा आत गेली की जिल्ह्यात कुठंही बटण दाबलं की नाव हजर. वाळवीची भीती नाही. या पानापासून कर सुरू, उघडंच आहे."

किशोर खुर्चीत बसला. ते त्याच्याच गावाचं पान होतं. कडा खाल्लेल्या होत्या, पण मधली अक्षरं स्पष्ट होती. पहिलं नाव किशोर हिरामण थविल. त्याखाली जयराम. जयराम दिंडोरीकडच्या बागांत कामाला जायचा. त्याखाली सविता. सविता वणीला नांदत होती, तिला गेल्याच महिन्यात मुलगी झाली होती. तिच्या सासरी यातलं काही ठाऊक नसणार. तिचं तिलाच ठाऊक नसणार. त्याखाली आणखी चार, सगळी त्याच्या बरोबरीची, सगळी पस्तीस वर्षांची.

हवालदार पाठीशी उभा होता. किशोरनं स्वतःचं नाव टाइप केलं, वय पस्तीस घातलं, बटण दाबलं. नाव पडद्यावर गेलं आणि दुसऱ्या नावासाठी रकाना मोकळा झाला.

हवालदाराला बाहेरून कुणीतरी हाक मारली. तो गेला.

किशोरनं पान उलटलं. पुढच्या पानावर दुसऱ्या कुठल्यातरी गावातला, कोंबड्या चोरणारा कुणी धोंडू होता. त्याचं नाव त्यानं घातलं. मग त्याच्या पुढचं. तो सावकाश, एकेक अक्षर बघून टाइप करत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखादं काम इतकं हळू करत होता.

हवालदार परत आला तेव्हा पाच पानं झाली होती. तो पडद्यापाशी वाकला आणि तोंडानं नावं पुटपुटत बोटानं मोजायला लागला.

"तुझ्या पाड्याचं एकच?"

"बाकीची वाचता येत नाहीत," किशोर म्हणाला. "वाळवीनं खाल्लीत."

हवालदारानं रजिस्टरची पानं मागं उलटली. त्या पानावर येऊन तो थांबला. बराच वेळ तो पानाकडे बघत उभा होता. किशोर त्याच्या तोंडाकडे बघत होता, पण त्यावरून काही कळत नव्हतं. मग त्यानं रजिस्टर मिटलं, लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या पट्ट्याला अडकवली.

"अशी सतरा रजिस्टरं आहेत," तो म्हणाला. "उद्या नऊला ये. सही कर, मग बस इथंच. साहेब रोज संध्याकाळी येतात. रजिस्टर आणि कंपूटर शेजारी ठेवून एकेक नाव ताडून बघायची सवय आहे त्यांना."